गाडीच्या कर्जाची फर्स्ट परेड



मी महूहून बोलतोय. इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं हे छावणीचं गाव. निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो. या मालिकेत पैशांवर बोला असं मला सांगितलं, तेव्हा आधी मी नाही म्हणालो. मी बँकवाला नाही, सीए नाही. तीस वर्षं आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये काढली, म्हणजे फौजेला रेशन, पेट्रोल आणि गाड्या पुरवणारं खातं. गाड्या चालवून घेणं हे माझं काम होतं. गाडीसाठी कर्ज घेणं हे मात्र मी ठेच खाऊन शिकलो. आज जे सांगणार आहे त्यात एक चूक माझी जुनी आहे आणि एक अगदी मागच्या वर्षाची.

फौजेत गाडी बाहेर काढण्याआधी रोज सकाळी फर्स्ट परेड होते. बॉनेट उघडायचं, पाणी, तेल, बॅटरी, हवा, ब्रेक, चाकाचे नट, सगळं हाताने तपासायचं आणि मग सही करायची. २००० साली माझी कंपनी श्रीनगर-लेह रस्त्यावर कॉन्व्हॉय चालवत होती. एका पहाटे सोनमर्गच्या पुढे झोजी ला चढायचा होता. सगळे ड्रायव्हर सांगत होते, "सब ठीक, साब." आमचा एक नाईक मात्र पाना घेऊन प्रत्येक चाकाशी वाकत होता. तिसऱ्या गाडीच्या मागच्या चाकाचे दोन नट त्याला सैल सापडले. त्या घाटात ते चाक निघालं असतं तर काय झालं असतं, हे मला सांगायला नको.

तो नाईक पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाला. आता सातारा जिल्ह्यात आपल्या गावी असतो. मागच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"साहेब, शोरूममध्ये बसलोय. गाडी पसंत केलीय. चार कागद समोर आहेत. सही कुठल्यावर करू तेवढं सांगा."

मी विचारलं, "सुभेदार साहेब, गाडी कशासाठी?"

तो क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "हिचं डायलिसिस सुरू झालंय, साहेब. आठवड्यातून दोनदा साताऱ्याला न्यावं लागतं. उपचार ईसीएचएसमधून होतात, त्याची काळजी नाही. पण जाण्यायेण्याला भाड्याची जीप. एका फेरीचे हजार रुपये. आणि डायलिसिस झाल्यावर ती इतकी गळून जाते की, एसटीत बसवायचं म्हणजे जीव वर येतो."

महिन्याला आठ-नऊ हजार रुपये जीपवाल्याला जात होते. माणूस स्वतः तीस वर्षं स्टिअरिंगवर बसलेला. गाडी घेणं योग्यच होतं. कर्ज कोणतं, एवढाच प्रश्न होता.

मी म्हणालो, "कागदांचे फोटो पाठवा. आज सही करू नका."

"साहेब, उद्या दसरा आहे. ही हार घेऊन आलीय."

"झोजी लाला चाकं तपासल्याशिवाय तुम्ही माझी कॉन्व्हॉय हलू दिली होती का?"

तो हसला नाही. पण फोटो आले.

आता ते कागद एकेक करून तुम्हाला दाखवतो, कारण तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला की दिल्लीला, शोरूममध्ये थोड्याफार फरकाने हेच कागद समोर येतात. आकडे सोपे ठेवतो. गाडीची शोरूम किंमत साडेसात लाख. टॅक्स, विमा, नोंदणी धरून रस्त्यावर येईपर्यंत साडेआठ लाख. त्यातले अडीच लाख तो रोख भरणार होता. म्हणजे कर्ज ६ लाखांचं, मुदत ५ वर्षं.

पहिला कागद बँकेचा. गाडीचं साधं कर्ज, ९ टक्के, घटत्या शिल्लक रकमेवर. हप्ता १२,४५५ रुपये. पाच वर्षांत एकूण भरणा सुमारे ७ लाख ४७ हजार.

दुसरा कागद एका फायनान्स कंपनीचा. तिचा माणूस शोरूममध्येच टेबल टाकून बसला होता. दर फक्त साडेसहा टक्के. सुभेदार साहेबांचं मन इथेच बसलं होतं. साडेसहा आणि नऊ, यात कमी काय ते शाळेतलं पोरही सांगेल. पण त्या साडेसहाच्या पुढे एक बारीक शब्द होता: फ्लॅट.

इथे माझी जुनी चूक सांगतो. १९९८ साली मी मेजर होतो, पोस्टिंग पंजाबात. मारुती ८०० घेण्यासाठी एका फायनान्स कंपनीकडून दीड लाख रुपये काढले. दर ९ टक्के फ्लॅट, मुदत तीन वर्षं. एजंट मेसमध्ये आला, चहा प्यायला, मी न वाचता सही केली. हाताखालच्या जवानांना मी सांगायचो की कागद वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. मी स्वतः अंगठाच दिला, फक्त पेनाने.

दीड वर्षांनी गावच्या जमिनीच्या वाटणीतून थोडे पैसे आले. म्हटलं, कर्ज संपवू. निम्मे हप्ते झाले होते, म्हणजे निम्मं मुद्दल, ७५ हजार राहिलं असेल असं मी धरून चाललो होतो. कंपनीने कागद काढला: ८४ हजार मुद्दल आणि त्यावर ५ टक्के मुदतपूर्व बंद करण्याचा आकार. त्या दिवशी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि मला कळलं की, ते ९ टक्के खरे सव्वासोळा टक्के होते.

हे कसं होतं ते समजून घ्या. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता. सुभेदार साहेबांच्या ६ लाखांपैकी चार वर्षांनी त्यांच्याकडे कंपनीचे जेमतेम दीड लाख उरले असते. घटत्या शिल्लक रकमेच्या पद्धतीत त्या दीड लाखावरच व्याज लागतं. फ्लॅट पद्धतीत पाचव्या वर्षीही व्याज पूर्ण ६ लाखांवर धरलेलं असतं. हिशोब असा: ६ लाखांचे साडेसहा टक्के म्हणजे ३९ हजार, गुणिले पाच वर्षं, म्हणजे १ लाख ९५ हजार व्याज. एकूण ७ लाख ९५ हजार. हप्ता १३,२५०. घटत्या पद्धतीत मोजलं तर हा दर जवळजवळ ११.७ टक्के होतो. प्रोसेसिंगचे ६ हजार धरले की बाराच्या थोडा वर. साडेसहाचं कर्ज नऊच्या कर्जापेक्षा ४७ हजारांनी महाग पडत होतं.

लक्षात ठेवायला सोपा ठोकताळा देतो. तीन ते पाच वर्षांच्या कर्जाचा फ्लॅट दर ऐकला की, त्याला १.८ ने गुणा. खरा दर त्याच्या आसपास निघतो.

आणि आता तर गुणाकार करण्याचीही गरज नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक किरकोळ मुदत कर्जाबरोबर एक पत्रक द्यावंच लागतं. त्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो. व्याज आणि कर्जाबरोबर लावलेले बाकीचे आकार मिळून वर्षाला खरे किती टक्के पडतात, तो हा आकडा. शिवाय महिन्या-महिन्याचा परतफेडीचा तक्ता असतो. पत्रक तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं, आणि दिल्यानंतर निदान तीन कामकाजाचे दिवस त्या अटी कायम ठेवायच्या असतात. म्हणजे "साहेब, ऑफर आज संध्याकाळपर्यंतच" असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. पत्रक मागा, घरी न्या, रात्री चष्मा लावून वाचा. सुभेदार साहेबांनी पत्रक मागितलं, तेव्हा टेबलवरचा तो मुलगा म्हणाला, "ते नंतर ईमेलवर येतं." मी फोनवरच होतो. म्हटलं, मग सहीसुद्धा नंतर ईमेलवर येईल.

तिसरा कागद म्हणजे त्यांच्या मोबाईलवरचा एक मेसेज: पर्सनल लोन, आधीच मंजूर, १३ टक्के, काही तारण नाही. हप्ता १३,६५२, एकूण सुमारे ८ लाख १९ हजार. याचा एक फायदा खरा आहे. गाडीवर बँकेचं नाव चढत नाही. पण बँकेकडे तारण नसल्यामुळे ती धोक्याची किंमत दरात वसूल करते. गाडीचं कर्ज मिळत असताना नव्या गाडीसाठी पर्सनल लोन घेण्याचं कारण मला तरी दिसत नाही. फार जुनी गाडी घ्यायची असेल आणि बँक तिच्यावर कर्ज देत नसेल, तर गोष्ट वेगळी.

चौथा कागद कोणी दिलेला नव्हता, तो त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. त्यावर होतं: घरातलं सोनं, निवृत्तीच्या पैशातली सात लाखांची एफडी, पेन्शन लोन, आणि घराच्या कर्जावर टॉपअप. म्हणजे आपल्याकडे जे जे आहे त्याची यादी.

आता माझी मागच्या वर्षीची चूक. यादीतली एफडी पाहिली आणि मी लगेच हिशोब मांडला. एफडीवर त्यांना ७ टक्के मिळत होते. एफडी तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट घेतला तर बँक एक टक्का जास्त, म्हणजे ८ टक्के लावणार होती. जेवढे पैसे वापरू तेवढ्यांवर, तेवढ्याच दिवसांचं व्याज. कधीही फेडा, दंड नाही. गाडीवर बँकेचं नाव नाही. सगळ्यात स्वस्त. मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "सुभेदार साहेब, ठरलं. एफडीवर ओव्हरड्राफ्ट."

फोन स्पीकरवर होता. मागून वहिनींचा आवाज आला. हळू बोलल्या, पण स्पष्ट बोलल्या.

"साहेब, ती एफडी आजारपणाची आहे. तिला हात नको."

मी म्हणालो, "वहिनी, एफडी मोडायची नाहीये, फक्त तारण ठेवायची आहे."

त्या म्हणाल्या, "उद्या किडनी बदलायची वेळ आली, पुण्याला जाऊन राहावं लागलं, तर तारण ठेवलेली एफडी मला मिळेल का?"

मंडळी, मला उत्तर देता आलं नाही. कारण उत्तर 'नाही' असं होतं. सात लाखांच्या एफडीवर सहा लाख उचलले की, त्या एफडीत अडचणीसाठी काहीच शिल्लक राहत नाही. मी दर पाहिला होता. काय गहाण पडतंय ते मी पाहिलं नव्हतं.

मग मी पुन्हा कागद-पेन्सिल घेतली. ८ टक्क्यांऐवजी ९ टक्क्यांचं बँकेचं कर्ज घेतलं, तर हप्त्यात फरक किती पडतो? १२,१६६ आणि १२,४५५. महिन्याला २८९ रुपये. पाच वर्षांत सुमारे सतरा हजार. म्हणजे महिन्याला तीनशे रुपयांत ती एफडी मोकळी राहत होती. घरात गंभीर आजार असताना ही किंमत जास्त आहे का? मला वाटत नाही.

म्हणून आज मी तुम्हाला हेच सांगायला आलोय. कर्जाचे प्रकार दरावरून निवडू नका. आधी बघा की हप्ता थकला तर आपल्या घरातून काय उचललं जाईल. गाडीच्या कर्जात गाडी नजरगहाण असते. आरसी बुकात बँकेचं नाव चढतं. वाईटात वाईट झालं तर गाडी जाते, कधी विक्रीनंतर थोडी बाकीही अंगावर राहते. त्रास होतो, अपमान होतो, पण छप्पर आणि औषधाचे पैसे शिल्लक राहतात. या नजरेने त्या हाताने लिहिलेल्या यादीकडे पुन्हा पाहू.

सोनं. सोनेतारण कर्ज तासाभरात मिळतं, दरही बऱ्याचदा बरा असतो. पण त्याची मुदत बहुधा वर्षाची. वर्षाच्या शेवटी मुद्दल एकदम उभं करायचं किंवा व्याज भरून नूतनीकरण करायचं. नाही जमलं तर नोटीस आणि लिलाव. पाच वर्षांत फेडायची वस्तू वर्षाच्या कर्जावर घेणं म्हणजे लेहपर्यंतच्या प्रवासाला श्रीनगरपुरतं डिझेल भरणं. दोन-चार महिन्यांची अडचण असेल, पैसे येणार हे नक्की असेल, तर सोनं ठीक. गाडीसाठी नको.

पेन्शन लोन. हा आमच्या फौजी मंडळींचा आवडता रस्ता. बँक ओळखीची, पेन्शन तिथेच जमा होते, हप्ता आपोआप कापला जातो. इथे एक जुना कायदा सांगतो. १८७१ चा पेन्शन कायदा म्हणतो की, सरकारी सेवेबद्दल मिळणारी पेन्शन कुठल्याही देणेकऱ्याच्या मागणीवरून कोर्टालाही जप्त करता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा, पण त्यामागचा विचार बघा: म्हाताऱ्या शिपायाची भाकरी कोणी ओढून नेऊ नये. आणि आपण काय करतो? स्वतःच सही करून बँकेला सांगतो की माझ्या भाकरीतून आधी तुमचा तुकडा घ्या. पेन्शन लोन वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ते अशा खर्चासाठी राखून ठेवा, ज्याला दुसरं काहीच तारण देता येत नाही. गाडी स्वतःच स्वतःचं तारण आहे.

घराच्या कर्जावर टॉपअप. यात दर कमी दिसतो, साधारण साडेआठ धरा. हप्ता तर फारच लहान. पण का लहान? कारण मुदत घराची. तेच ६ लाख साडेआठ टक्क्यांनी पंधरा वर्षांत फेडायचे म्हटले, तर हप्ता ५,९०८ रुपये, आणि एकूण भरणा १० लाख ६३ हजार. व्याजच ४ लाख ६३ हजार. गाडी भंगारात जाईल तेव्हाही तिचा हप्ता चालू असेल, आणि सगळा वेळ घराची कागदपत्रं बँकेत. टॉपअप घ्यायचाच असेल तर पाच वर्षांच्या हिशोबाने मोठे हप्ते भरून संपवा, नाहीतर नका घेऊ.

म्हणजे राहिलं गाडीचं साधं कर्ज. पण त्यातही फर्स्ट परेड करावी लागते. दोन-तीन नट तिथेही सैल असतात.

पहिला नट मुदतीचा. शोरूमवाला म्हणाला, सात वर्षांचं करा, हप्ता ९,६५३ वर येतो. खरं आहे. पण एकूण भरणा ८ लाख ११ हजारांच्या आसपास जातो, पाच वर्षांपेक्षा जवळजवळ ६४ हजार जास्त. त्यापेक्षा मोठा धोका पुढे आहे. तो म्हणाला, रोख काहीच भरू नका, पूर्ण साडेआठ लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी करून देतो. ऐकायला किती गोड. आता समजा, तीन वर्षं पूर्ण झाल्यावर गाडी चोरीला गेली. विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते ती दर वर्षी घटते. तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीला घट ४० टक्के. शोरूम किंमत साडेसात लाख, म्हणजे विम्याचे मिळणार साडेचार लाख. आणि कर्ज किती शिल्लक? साडेपाच लाख. विम्याचे पैसेही आधी बँकेकडे जातात. म्हणजे गाडी नाही, पैसे नाहीत, वर एक लाखाचं देणं. उलट, अडीच लाख रोख भरून पाच वर्षांचं कर्ज घेतलं तर त्याच दिवशी शिल्लक असते पावणेतीन लाखांच्या आत, आणि विम्यातून दीड-पावणेदोन लाख तुमच्या हातात येतात. म्हणून कर्ज गाडीच्या किमतीच्या पुढे कधीच राहू देऊ नका.

काही ठिकाणी असंही कर्ज देतात की, हप्ते लहान आणि शेवटी एक मोठी रक्कम एकदम. पगारदार माणसाला शेवटी बोनस, ग्रॅच्युइटी असं काही नक्की मिळणार असेल तर चालेल. पेन्शनरला तो शेवटचा हप्ता येणार कुठून? तिथे हो म्हणू नका.

दुसरा नट स्थिर दर की बदलता दर. लोक यावर फार डोकं खपवतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून साडेसहावर गेला. मग २०२५ मध्ये उतरत सव्वापाचवर आला. आपल्या ६ लाखांच्या कर्जावर दर सुरुवातीलाच अडीच टक्क्यांनी वाढला असं धरलं, तर हप्ता ७४० रुपयांनी वाढतो. पाच वर्षांच्या कर्जात एवढाच खेळ. वीस वर्षांच्या घराच्या कर्जात तो फार मोठा होतो, इथे नाही. इथे खरा फरक बाहेर पडण्याच्या वाटेत आहे. बदलत्या दराचं कर्ज तुम्ही स्वतःच्या, बिगरधंद्याच्या कामासाठी घेतलं असेल, तर ते लवकर फेडल्याबद्दल दंड लावायला रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून मनाई केली आहे. स्थिर दराच्या कर्जात तो आकार करारात लिहिलेला असतो आणि त्यावर जीएसटीही लागतो. १९९८ च्या कर्जावर मी तोच आकार भरला. आपली मोहीम आखताना आम्ही माघारीचा रस्ताही नकाशावर आखून ठेवायचो. कर्जाच्या करारातही तो आधी शोधा.

तिसरा नट म्हणजे गाडी वापरणार कोण आणि कशासाठी. बोलता बोलता सुभेदार साहेब म्हणाले, "आठवड्यातून दोन दिवस ही जाईल, बाकीचे दिवस पोरगा भाड्याने मारेल." मी तिथेच थांबवलं. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. कर्जही तुम्ही खाजगी वापरासाठी घेतलेलं असतं. धंदा करायचा तर पिवळी प्लेट, धंद्याचा विमा, धंद्याच्या गाडीचं कर्ज. त्याचा दर वेगळा, कागद वेगळे. वहिनी पुन्हा मागून म्हणाल्या, "नको ते. गाडी माझ्यासाठी घेतोय ना? मग घरचीच राहू दे." विषय संपला.

ज्यांच्या बदल्या होतात त्यांच्यासाठी अजून एक. कर्ज चालू असताना गाडी दुसऱ्या राज्यात कायमची न्यायची, नवीन नंबर घ्यायचा, तर बँकेचं ना हरकत पत्र लागतं. बँकेची शाखा नागपुरात आणि तुम्ही गुवाहाटीला, असं झालं की किती खेटे पडतात ते मी पाहिलंय. म्हणून जिथे पोस्टिंग जाईल तिथे शाखा असेल अशी बँक निवडा.

आणि शेवटचा हप्ता भरल्यावर काम संपत नाही. बँकेकडून ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्यायचा, आरटीओत देऊन आरसीवरून बँकेचं नाव उतरवायचं, विम्याच्या कागदावरूनही उतरवायचं. लोक ते पत्र कपाटात ठेवतात आणि सहा वर्षांनी गाडी विकायला काढतात. मग धावपळ.

तर झालं काय? सुभेदार साहेबांनी दसऱ्याला सही केली नाही. माझ्यावर थोडे रागावलेच होते. हार तसाच घरी गेला, वहिनींनी तो देव्हाऱ्यातल्या तसबिरीला घातला. चार दिवसांनी ते स्वतः बँकेच्या शाखेत गेले, शोरूमच्या टेबलवर नाही. पत्रक मागून घेतलं, मला वाचून दाखवलं. नऊ टक्के, बदलता दर, पाच वर्षं, गाडी नजरगहाण. हप्ता पेन्शनच्या साधारण एक तृतीयांश, आणि जीपचे वाचलेले पैसे त्यातच वळवले. सोनं घरी, एफडी मोकळी.

या फेब्रुवारीत वहिनींना अचानक पुण्याला दाखल करावं लागलं. पंधरा दिवस मुलगा आणि सुभेदार साहेब तिथे खोली घेऊन राहिले. काही तपासण्या, राहणं, जेवण, औषधं मिळून खर्च झाला तो एफडीतून केला. साहेबांनी मला नंतर फोनवर सांगितलं, "त्या रात्री बँकेत जाऊन कोणाला विचारावं लागलं नाही, साहेब. मोबाईलवरूनच तोडली." वहिनी आता घरी आहेत. मंगळवार आणि शुक्रवार त्यांच्या फेऱ्या चालू आहेत.

परवा पुन्हा फोन आला. म्हणाले, थोडे पैसे साठलेत, एफडी परत भरू की कर्जात टाकू? मी या वेळी हिशोब केला नाही. म्हटलं, वहिनींना विचारा.

तुम्हालाही तेच सांगेन. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी तो घरातल्या त्या माणसाला वाचून दाखवा, ज्याला अडचणीच्या दिवशी त्या पैशांची गरज पडेल. एकूण किती भरायचं, गहाण काय पडतंय, आणि मधेच बाहेर पडायचं झालं तर वाट कोणती, हे तीन प्रश्न त्याच्यासमोर मोठ्याने विचारा. उत्तरं मिळाली की खुशाल सही करा आणि गाडीला हार घाला. मुहूर्त पुढच्या आठवड्यातही असतो.

नमस्कार. गाडी सावकाश चालवा.